स्वस्त उत्प्रेरकाच्या बातमीत हे आकडेही हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्लॅटिनम-इरिडियमऐवजी निकेल-लोखंड वापरून विजेच्या मदतीने पाण्यातून हायड्रोजन काढणारा 'स्वस्त उत्प्रेरक' (अभिक्रिया सुलभ करणारा पदार्थ) सापडल्याच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. हे काम मोलाचेच आहे. पाण्याच्या विघटनाला सिद्धांतानुसार १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात १.८ ते २ लागतात, त्यातले ०.१ व्होल्ट वाचले तरी एक किलो हायड्रोजनमागे सुमारे २.७ युनिट वीज वाचते. पण उत्प्रेरक तपासला कसा, हे बातमीत क्वचितच असते.

सर्वांत मोठा घोळ समोरच्या इलेक्ट्रोडचा. ऋणाग्राचा, म्हणजे हायड्रोजन निघतो त्या इलेक्ट्रोडचा, उत्प्रेरक तपासताना समोर प्लॅटिनमची तार असेल, तर धनाग्र म्हणून ती हळूहळू विरघळते आणि तेच प्लॅटिनम ऋणाग्रावर जाऊन बसते. तास सरतात तसा उत्प्रेरक 'सुधारत' जातो! तिथे ग्रॅफाइटची कांडी आणि मध्ये पडदा हवा. धनाग्राकडे, म्हणजे ऑक्सिजन निघतो तिथे, फसवते ते लोखंड. बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ते अंशमात्र असते, निकेल ते शोषून घेते, त्यामुळे जास्त चांगले काम करते आणि श्रेय भलत्याच मूलद्रव्याला जाते. ताज्या निकेल हायड्रॉक्साइडच्या साक्याबरोबर (तळाशी बसणाऱ्या गाळाबरोबर) द्रावण ढवळून, साका बसू देऊन, वरचे निवळ घेतले की लोखंड निघते. मग ते काचेच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवावे, कारण तीव्र अल्कली काच खाते आणि काचेतली अशुद्धी द्रावणात उतरते.

धनाग्राचा लेप करणे त्यामानाने सोपे. निकेल फोम (स्पंजासारखी सच्छिद्र निकेलची पट्टी) ३ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात दहा मिनिटे धुवायचा, निकेल आणि लोखंड नायट्रेटच्या प्रत्येकी ३ मिलिमोलर द्रावणात, लेप बसेपर्यंत तात्पुरता ऋणाग्र म्हणून, पाच मिनिटे ठेवायचा.

बातम्यांतले बहुतेक आकडे दर चौ. सेंमी. १० मिलिअँपिअर प्रवाहाचे असतात. कारखान्यातले अल्कली संच २०० ते ४०० वर, ७०-८० अंश सेल्सिअसला, २५-३० टक्के अल्कलीत चालतात. तिथे बुडबुडे पृष्ठभाग झाकतात, चिकटवलेली उत्प्रेरकाची पूड सुटून येते. सौर विजेवर संच रोज बंद पडतो. त्या वेळी उलटा प्रवाह वाहून ऋणाग्राचे निकेल ऑक्सिडाइज होते. म्हणून नुसते 'शंभर तास टिकला' पुरेसे नाही, किती वेळा बंद-चालू केला तेही विचारायला हवे.

मुंबईत माटुंगा, पवई, कलिना, तुर्भे (ट्रॉम्बे) इथल्या संशोधन संस्थांत हा विषय कोळून प्यायलेली माणसे आहेत. बातमी छापण्याआधी त्यांच्यापैकी कुणाला तरी एवढे विचारावे: समोरचा इलेक्ट्रोड कशाचा होता, प्रवाह किती होता, संच किती वेळा बंद केला?

— विद्युतरसायनाचा एक अभ्यासक, माटुंगा, मुंबई