खाणीवरची माणसं गावाच्या इतिहासात कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२७ च्या सिंहस्थाची चाहूल लागल्यापासून नाशिक-त्र्यंबक परिसरातल्या गावांना नटण्याची घाई झाली आहे. कमानी उभ्या राहताहेत, वेशीवर गावाचा इतिहास सांगणारे फलक लागताहेत. आमच्या ग्रामपंचायतीनेही असा एक मजकूर तयार केला आणि तपासायला माझ्याकडे पाठवला. गावच्या जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापिका होते, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं काम निवृत्तीनंतरही माझ्याच गळ्यात पडतं. मजकूर साधारण असा : प्रभू रामचंद्र इथून गेले, पांडव मुक्कामाला होते, पुढे मारुती मंदिराचा जीर्णोद्धार झाला आणि मग एकदम द्राक्षबागा, हागणदारीमुक्ती आणि तंटामुक्तीचा पुरस्कार. मधल्या काळात अख्खं गाव दगडखाणीवर जगलं, त्याबद्दल एक ओळ नाही.

गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. खाणीच्या जमिनीचे काही दावे अजून चालू आहेत आणि त्यात मला पडायचं नाही. विल्होळी, सारूळ, राजूर बहुला, बेळगाव ढगा या बाजूच्या वाचकांना हे आपल्याच गावाबद्दल आहे असं वाटलं, तरी ते फार चुकणार नाही.

खाण हा नाशिकला नवा धंदा नव्हे. काळाराम मंदिराचा काळा दगड रामशेजकडून आणला असं सांगतात. सरदार रंगराव ओढेकरांचं नाव आपल्याला पाठ आहे. त्र्यंबकेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलं, हेही पोरं घडाघडा सांगतात. पुढे १८६५ मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला आली, तिच्या रुळांखाली दगडच होता. स्वातंत्र्यानंतर गंगापूरचं धरण, नाशिकरोड, सातपूर, अंबड, मग सिडकोची घरं, मग महामार्ग. एवढी खडी आभाळातून पडली नाही. आमच्यासारख्या गावांचे डोंगर ट्रकमध्ये बसून शहरात गेले आणि सातबाऱ्यावर मागे राहिला तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन.

आमच्याकडे हातकाम होतं तेव्हाची खाण मी पाहिली आहे. एकाने पहार धरायची, दोघांनी घण घालायचे, प्रत्येक घणाला पहार थोडी फिरवायची. भोकात पाणी ओतत राहायचं, नाहीतर धूळ बसून पहार अडकते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बार उडवायचे. लाल फडकं हलायचं, कोणीतरी उंचावरून ‘सुरुंऽऽग’ म्हणून हाळी द्यायचं, शाळेत आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. मग पोरं बोटांवर बार मोजायची. भरलेल्या बारांचा आकडा त्यांना घरून माहीत असे. एखादा कमी वाजला की वर्ग चिडीचूप होई, कारण फसलेल्या बाराकडे कोणाला तरी बघायला जावं लागणार आणि ते कोणाचे वडील असतील हे त्या पोरांना आमच्याआधी कळायचं. पुरुष डबर, म्हणजे मोठे दगड, काढायचे आणि बायका हातोडीने खडी फोडायच्या. संध्याकाळी खडीचे चट्टे लावून माप व्हायचं. ब्रास म्हणजे १०० घनफूट, मजुरी त्यावर. चट्टा मोकळा लागला म्हणून मुकादम माप कापायचा. उचल घेतलेली असल्याने बोलायची सोय नव्हती.

ही कुटुंबं बहुतेक वडार समाजाची. आपसात वडारी बोलायची, आमच्याशी मराठी. पावसाळ्यात खाणीत पाणी भरलं की बाया पाटे-वरवंटे आणि जाती घेऊन नाशिकला पंचवटीपर्यंत फिरत. टाकी म्हणजे छिन्नी, तिने झिजलेला पाटा पुन्हा खरखरीत करून देत. ‘पाट्याला टाकी लावायचीय का, टाकीऽऽ’ ही हाक जुन्या नाशिककरांच्या कानात असेल. मिक्सर आला आणि ती थांबली. खंडेनवमीला घण, पहारी, छिन्न्या धुऊन हळदकुंकू लावून मांडायचे. त्या दिवशी खाण बंद आणि गावजेवण वस्तीवर. गावातली काही घरं जेवायला जात नसत, तेही सांगायला हवं. पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबककडे जाणाऱ्या दिंड्या मात्र वस्तीवर चहाला थांबायच्या. वारकऱ्यांनी कधी कप वेगळे मागितले नाहीत. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हे आम्ही सुविचार म्हणून फळ्यावर लिहायचो, आणि ज्यांच्या घरात टाकी होती ती पोरं शेवटच्या रांगेत बसून ते उतरवून घ्यायची.

पुढे कॉम्प्रेसर आला, पोकलेन आलं, क्रशर आले. हाताने फोडलेली खडी कोणाला नकोशी झाली. डोंगर मात्र पूर्वीपेक्षा झपाट्याने उतरू लागला. २०२१ मध्ये बेळगाव ढग्याच्या संतोषा आणि भागडी डोंगरांसाठी लोक रस्त्यावर आले, ब्रह्मगिरीचा प्रश्न आपल्या पानांवरही गाजला. डोंगर वाचवा म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी आहे. पण त्या सगळ्या चर्चेत ‘खाणवाले’ या एका शब्दात मालक, क्रशरवाला आणि चट्ट्यावर राबणारी बाई असे तिघेही बसवले गेले, ते मला पटलं नाही. डोंगराचा नफा कोणाकडे गेला हे वस्तीवरची पत्र्याची घरं बघून कोणालाही कळेल. आमची खाण त्याआधीच बंद पडली होती. वस्ती आहे तिथेच आहे. पोरं ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर लावून विहिरींची कामं घेतात, बायका बांधकामावर जातात.

आता मूळ मुद्दा. इतिहास राहिला काय आणि गेला काय, फलकाने पोट भरतं का, असं ग्रामसभेत एकाने विचारलं. वस्तीवरच्या घरांचा प्रश्न खरोखर पोटाचाच आहे. वडार समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, हे दाखवावं लागतं. ज्याच्या आजोबाला जमीन होती त्याच्याकडे उतारा असतो. ज्याचा आजोबा शाळेत गेला त्याच्याकडे दाखला असतो. ज्याचा आजोबा एका खाणीवरून दुसऱ्या खाणीवर बिऱ्हाड हलवत राहिला, त्याच्याकडे काय असणार?

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात अशी मुलं शाळेत येत. ‘बाई, माझ्या आज्याचं नाव बघा ना रजिस्टरात.’ मग कपाटातून जुनं दाखलखारीज रजिस्टर काढायचं. कडा उंदरांनी खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली, पण बोरूने लिहिल्यासारखं सुंदर अक्षर. काहींची नावं सापडत. जन्मस्थळाच्या रकान्यात कुठे गाव लिहिलेलं, कुठे नुसतं ‘खाणीवर’. शेरा बहुधा एकच : सतत गैरहजर, नाव कमी केले. ज्याचं नाव सापडलं त्याचं काम झालं, त्याची नात आज परिचारिका आहे. ज्याच्या आज्याला कोणी शाळेत घातलंच नाही, तो तसाच परत जायचा. कागद नसेल तर स्थानिक चौकशीची वाट नियमात आहे, हे मला ठाऊक आहे. पण चौकशीला आलेला माणूस गावात विचारणार कोणाला? ज्या गावाच्या फलकावरच खाण नाही, त्या गावातला आजचा पंचविशीतला सदस्य ‘ही माणसं इथली नाहीत, बाहेरून आलेली’ असंच सांगणार. तसं सांगितलेलं मी ऐकलं आहे.

याच्या शेजारी एक गोष्ट ठेवून बघा. आमच्या या भागातल्या खाणींत दगड फोडताना पोकळ्यांमध्ये गारगोट्या सापडायच्या. पांडवलेणीच्या टेकडीजवळच्या खाणीतले अपोफिलाइट आणि पॉवेलाइटचे स्फटिक तर देशोदेशीच्या संग्राहकांकडे गेले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातही असे नमुने बघायला मिळतात. कोणताही चांगला संग्राहक स्फटिकाखाली चिठ्ठी ठेवतो : कुठल्या गावचा, कुठल्या खाणीतला. ती चिठ्ठी नसली की नमुन्याची किंमत घसरते. दगडाला मूळ गावाचा पुरावा मिळाला, तो ज्याने न तोडता अलगद बाहेर काढला त्याच्या नातवाला मिळत नाही.

फलकात खाणीचा उल्लेख घ्या, असं मी सुचवलं तेव्हा उत्तर मिळालं की त्याने गावाची शोभा जाते, भाविक येणार आहेत. याच भाविकांना आपण पांडवलेणी दाखवायला नेतो ना? तीही डोंगर फोडूनच केलेली आहेत. तिथल्या अठराव्या क्रमांकाच्या लेण्यात, चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लेख आहे : नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान. राणी गौतमी बलश्रीचा मोठा लेख सगळ्यांना माहीत असतो, हा छोटा कोणी वाचत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी एका खेड्याने दगडाच्या कामाला पैसे दिले आणि आपलं नाव त्यावर घालून घेतलं. छिन्नी चालवणाऱ्याचं नाव तिथेही नाही. निदान आपण तरी आता तेवढ्यावर थांबू नये.

खाणीच्या खड्ड्याबद्दलही दोन शब्द. शहरातल्या जुन्या इमारतींचा राडारोडा तिथे टाकून खड्डा बुजवावा, अशी टूम निघाली आहे. बुजवलेल्या जागेवर पुढे काय उभं राहतं ते नाशिककरांना सांगायला नको. खड्ड्याला कुंपण हवं, कारण उन्हाळ्यात पोरं पोहायला उतरतात आणि काठ सरळसोट आहेत. पण त्यात मे महिन्यातही पाणी असतं आणि टँकरच्या दिवसांत जनावरं त्यावरच निभतात. भिंतीत लाव्हाचे थर एकावर एक दिसतात, पहारीने मारलेली अर्धी भोकंही तशीच आहेत. खाण होती याचा सगळ्यात मोठा पुरावा तोच आहे आणि तोच गाडायला निघालो आहोत. खाणबाधितांसाठी प्रत्येक जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठान आहे. कुंपणाचा खर्च तिथून मागता येईल, ग्रामपंचायतीने ठराव तर करावा.

माझं म्हणणं एवढंच की फलकावर खाणीची ओळ यावी आणि त्या ओळीमागे कागद असावेत. ते कागद आहेत. जुन्या खाणमालकांच्या वाड्यांत हजेरीवह्या, उचलीच्या चोपड्या, तहसीलच्या परवान्यांच्या पावत्या माळ्यावर पडलेल्या आहेत. मालक गेले, मुलं नाशिकला फ्लॅटमध्ये राहायला गेली, वाडे विकायला निघाले आहेत. त्या घरच्यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे की दिवाळीच्या आवराआवरीत या वह्या रद्दीवाल्याला देऊ नका, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत आणून द्या. कोणाचे हिशेब उघडे पडतील ही भीती असेल, तर रकमांवर कागद चिकटवून द्या, आम्हाला फक्त नावं आणि सालं हवी आहेत. शाळेचं जुनं रजिस्टर पानन् पान स्कॅन करून घ्यायचं काम माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांनी अंगावर घेतलं आहे, त्यातला एक वस्तीवरचाच आहे. १९६१ च्या आधी खाणीवर कोण कोण होतं हे आठवणारी तीन-चारच म्हातारी माणसं आता उरली आहेत. त्यांचं बोलणं लिहून घेऊन ग्रामसभेपुढे वाचून दाखवायचं आहे, म्हणजे इतिवृत्तात त्याची नोंद होईल. फलकाचा मजकूर छपाईला जायच्या आधी ही ग्रामसभा घ्यावी, असं लेखी पत्र मी सरपंचांना दिलं आहे. पोच घेतली आहे.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
ता. जि. नाशिक