रडारच्या काळातले साहित्य भंगारात देऊ नका: नागपूरकरांना आवाहन

१९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल करत आणि आपापल्या शहरी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा हा मान नागपूरला आहेच. पण त्या विमानांशी रेडिओवर बोलणाऱ्या आणि पुढे रडारच्या पडद्यासमोर बसलेल्या माणसांची आठवण कुणी जपलेली नाही, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

इंग्लंडमध्ये डॅव्हेंट्रीजवळ १९३५ साली वॉटसन-वॉट या शास्त्रज्ञांनी विमानावरून परतलेल्या रेडिओलहरी पकडून दाखवल्या; रडारची सुरुवात ती हीच. महायुद्धानंतर तेच तंत्र नागरी विमानतळांवर आले. मात्र या प्राथमिक रडारला फक्त अंतर आणि दिशा कळते. पडद्यावरचा ठिपका कोणत्या विमानाचा, ते किती उंचीवर आहे, हे त्याला सांगता येत नाही. दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर विमानाला विचारते आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० वर चार आकडी संकेत व उंची कळवतो. हा फरक किती मोठा आहे, ते १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात कळले. एक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले आणि दिल्लीच्या प्राथमिक रडारवर ती उंची दिसतच नव्हती; ते समोरून येणाऱ्या दुसऱ्या विमानावर आदळले. ३४९ माणसे गेली. आमच्या मते शाळेतल्या प्रत्येक मुलाला हे यंत्र समोर ठेवून समजावले पाहिजे.

त्यासाठी सोनेगाव परिसरातले आम्ही काही निवृत्त कर्मचारी आणि विज्ञानशिक्षक एक छोटे कायमस्वरूपी प्रदर्शन उभारत आहोत. जुन्या पडद्याची पिक्चर ट्यूब, जुन्या रेडिओत असत तसले काचेचे व्हॉल्व्ह, हेडफोन, प्रशिक्षणाच्या वह्या, फोटो, जे माळ्यावर पडले असेल ते द्या. सरकारी मालमत्ता किंवा गोपनीय कागद मात्र आम्ही घेणार नाही. काचेची कपाटे, वीजजोडणी आणि ध्वनिमुद्रण यांना पैसा लागेल. शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल.

सगळ्यात जास्त गरज आहे ती विमानांना वाट दाखवणाऱ्या ज्येष्ठ कंट्रोलर आणि तंत्रज्ञ काका-मावशींच्या वेळेची. ट्यूब दुसरीकडूनही मिळेल. पावसाळ्यात पडदा ढगांच्या ठिपक्यांनी भरला की त्यातून विमान कसे ओळखायचे, हे तुम्हीच सांगू शकता. येणे जमत नसेल तर आम्ही घरी येऊन बोलणे ध्वनिमुद्रित करू. फोटो किंवा वह्या कायमच्या द्यायच्या नसतील, तर स्कॅन करून परत आणून देऊ.