जलतरण तलावावर सौर आच्छादन घालण्याबाबत सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
विजापूर रस्ता, सोलापूर.

विषय : जलतरण तलावासाठी हीट पंप घेण्याआधी सौर बबल कव्हर घेण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की तलावाचे पाणी गार पडते, सकाळच्या वेळेला कोणी उतरत नाही आणि जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उलटेपर्यंत तलाव असून नसल्यासारखा होतो, ही सभासदांची दरवर्षीची तक्रार आहे. ती लक्षात घेऊन समितीने गेल्या सभेत हीट पंपाचा, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणाऱ्या विजेवरच्या यंत्राचा, प्रस्ताव चर्चेला घेतला, याबद्दल समितीचे आभार. माझा त्या प्रस्तावाला विरोध नाही. मात्र पंपाची ऑर्डर देण्याआधी तलाव झाकण्याची सोय करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण आपल्या तलावाला उष्णता कमी मिळते असे नसून मिळालेली उष्णता तेथे टिकत नाही, आणि ती टिकवण्याची व्यवस्था न करता पाणी तापवत बसलो तर पंपाचे वीजबिल दर महिन्याला सभासदांच्या माथी येईल.

हे म्हणणे आकड्यांत मांडतो. आपला मोठा तलाव १५ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद आहे, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग १२० चौरस मीटर. सरासरी खोली सव्वा मीटर धरली तर त्यात सुमारे दीड लाख लिटर पाणी मावते. सोलापुरात हिवाळ्यातही आकाश निरभ्र असते आणि दर चौरस मीटरवर दिवसाकाठी साधारण ५ युनिट (किलोवॅट-तास) इतकी सौरऊर्जा पडते. उघडा तलाव आपल्यावर पडणाऱ्या उन्हाचा ७५ ते ८५ टक्के भाग शोषून घेतो. हा हिशेब केला तर तलावाला रोज ४८० युनिटांच्या आसपास उष्णता मिळते आणि तेवढ्या उष्णतेने दीड लाख लिटर पाणी अडीच ते पावणेतीन अंश सेल्सिअसने तापायला हवे. रोज, आणि तेही फुकट.

आता खर्चाची बाजू पाहू. एक चौरस मीटर पृष्ठभागावरून एक मिलिमीटर पाणी उडाले म्हणजे बरोबर एक लिटर पाणी गेले. थंडीच्या दिवसांत रोज ५ मिलिमीटर पाणी उडते असे धरले तरी १२० चौरस मीटरवरून ६०० लिटर पाणी वाफ होऊन जाते. पाणी उकळल्याशिवाय त्याची वाफ होत नाही असा आपला समज असतो, पण पंचवीस अंशांचे पाणीही सतत उडत असते आणि उडणारा प्रत्येक लिटर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता मागे उरलेल्या पाण्यातून काढून नेतो. ६०० लिटरमागे ही उष्णता साडेतीन लाख किलोकॅलरींच्या घरात जाते, म्हणजे संपूर्ण तलाव सव्वादोन अंशांहून अधिक थंड व्हावा इतकी. उन्हाने दिवसभरात जे दिले ते जवळजवळ सगळे एकट्या बाष्पीभवनात जाते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने दिलेल्या माहितीनुसार उघड्यावरील तलावाच्या एकूण उष्णताहानीपैकी ७० टक्के हानी बाष्पीभवनाने आणि सुमारे २० टक्के आकाशाकडे होणाऱ्या उत्सर्जनाने होते. जमीन व इतर सगळ्या वाटांनी जाते ती जेमतेम १० टक्के. आपल्याकडची कोरडी हवा, वारा आणि रात्रीचे मोकळे आकाश या तिन्ही गोष्टी हानी वाढवणाऱ्याच आहेत. मिळकत तेवढीच आणि खर्च तिच्याहून जास्त, म्हणून नोव्हेंबरपासून पाणी दिवसेंदिवस उतरत्या तापमानाला जाते.

बबल कव्हर म्हणजे पॉलिथिनचा पारदर्शक किंवा फिकट निळा जाड कागद, ज्याच्या एका बाजूला हवेचे फुगे असतात. तो फुग्यांची बाजू खाली करून पाण्यावर तरंगत ठेवायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो उलटा अंथरलेला दिसतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले. त्यातून ऊन आरपार जाऊन पाण्यात आणि तळाच्या फरशीपर्यंत पोहोचते, फुग्यांतली हवा उष्णतेला वर जाऊ देत नाही आणि मुख्य म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग हवेला उघडा राहत नसल्याने झाकलेल्या भागातले बाष्पीभवन जवळजवळ थांबते. कव्हरमुळे उन्हाची मिळकत थोडी घटते, पारदर्शक बबल कव्हर असेल तर ५ ते १५ टक्के, परंतु त्या बदल्यात जे वाचते ते कितीतरी अधिक असते. गडद रंगाचे अपारदर्शक कव्हर उन्हात हाताला चटका देते, त्यामुळे ते जास्त तापवत असेल असे वाटते. प्रत्यक्षात ते २० ते ४० टक्के ऊन अडवते आणि त्याची ऊब वरच्या थरातच राहते. त्यामुळे विक्रेत्याने गडद कव्हरचा आग्रह धरला तरी आपण पारदर्शकच घ्यावे.

एका विक्रेत्याने आपल्या काही सभासदांना या कव्हरने पाणी आपोआप दहा अंशांनी तापेल असे सांगितल्याचे कानावर आले आहे. अशा भरवशावर खरेदी करू नये. कव्हर स्वतः उष्णता निर्माण करत नाही. ते उन्हाची उष्णता आत येऊ देते आणि बाहेर जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. चार-पाच अंशांचा फरक पडला तरी डिसेंबरमधली सकाळची वेळ पुन्हा सुरू होऊ शकेल. आणि पुढे हीट पंप घेतलाच, तर झाकलेल्या तलावासाठी तो लहान क्षमतेचा पुरेल, कारण तापवण्याच्या खर्चात झाकणामुळे ५० ते ७० टक्के बचत होते असे वर उल्लेख केलेल्या विभागाचेच म्हणणे आहे. गच्चीवर तलावासाठी वेगळे सौर पॅनेल बसवण्याची सूचनाही सभेत आली होती, परंतु त्यासाठी तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्म्याहून अधिक, कधी कधी तेवढीच जागा लागते आणि आपली गच्ची घरगुती सोलर हीटरांनी व टाक्यांनी आधीच भरलेली आहे.

उष्णतेइतकाच, किंबहुना माझ्या मते त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. उजनीहून शंभरावर किलोमीटर वाहून येणारे पाणी आपल्याला काही दिवसांआड मिळते आणि उन्हाळ्यात आपण टँकर मागवतो, तेव्हा तलावातून रोज शेकडो लिटर पाणी हवेत सोडणे या शहरात शोभत नाही. झाकलेल्या तलावात वरून भरावे लागणारे पाणी ३० ते ५० टक्क्यांनी कमी होते. शिवाय उडते ते शुद्ध पाणी. क्षार मागेच राहतात. बोअरचे जड पाणी वारंवार भरल्यामुळे ते क्षार साठत जातात आणि पाण्याच्या पातळीलगत निळ्या टाइल्सवर बोटभर रुंदीची पांढरी, खरखरीत रेघ उमटते. आपल्या तलावात ती खोल टोकाच्या शिडीमागे स्पष्ट दिसते आणि दरवर्षी ॲसिड लावून घासण्याचा खर्च आपण करतोच.

तलाव कुठेतरी गळतो आहे अशी शंकाही काही सभासद घेतात. त्याची शहानिशा बादलीने करता येते. बादलीत तलावाचेच पाणी भरून ती तलावाच्या पायरीवर अशी ठेवावी की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. बादलीतली पातळी आणि बाहेर तलावाची पातळी, दोन्हींवर खूण करावी. चोवीस तासांत दोन्ही पातळ्या सारख्या उतरल्या तर पाणी उडते आहे, आणि तलावाची पातळी जास्त उतरली तर गळती आहे. ही तपासणी फिल्टरचा पंप बंद ठेवून, तलावात कोणी उतरणार नसेल अशा दिवशी, कव्हर येण्याआधीच करून घ्यावी. म्हणजे गळतीचा दोष कव्हरवर येणार नाही.

उन्हाळ्याबाबत मात्र वेगळा विचार करावा लागेल. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पाणी पोहण्याजोगे राहते ते बाष्पीभवनामुळेच, आणि तेव्हा पारदर्शक कव्हर घातले तर पाणी नको इतके कोमट होईल. म्हणून ऑक्टोबर ते फेब्रुवारी कव्हर नियमित वापरावे, उन्हाळ्यात ते काढून ठेवावे, आणि पाणीटंचाईमुळे तलाव बंदच ठेवावा लागला तर त्या काळात पाणी वाचवण्यासाठी ते पुन्हा घालावे. मार्चमध्ये काय करायचे हे थर्मामीटर पाहून ठरवता येईल. पोहण्यासाठी २६ ते २८ अंश पुरेसे असतात. तलावालगतच्या कडुनिंबाची पानगळ मार्चच्याच सुमारास होते, हेही विचारात घेण्यासारखे आहे.

क्लोरीनच्या देखभालीत बदल करावा लागेल. उन्हातल्या अतिनील किरणांनी नष्ट होणारे आणि हवेत उडून जाणारे क्लोरीन कव्हरखाली जास्त टिकते, त्यामुळे सध्याचीच मात्रा चालू ठेवली तर ते साचेल आणि कव्हरचे प्लास्टिकही लवकर ठिसूळ होईल. चाचणी संचावर क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.८ राहील इतकीच मात्रा द्यावी. जास्त मात्रेचा डोस देण्याच्या दिवशी कव्हर पूर्ण काढावे आणि पातळी उतरेपर्यंत घालू नये. गरम पाणी वरच राहते, त्यामुळे फिल्टरचा पंप रात्रीऐवजी दिवसा चालवावा.

सुरक्षेच्या बाबतीत समितीने कोणतीही सवलत देऊ नये. हे कव्हर माणसाचे, लहान मुलाचेसुद्धा, वजन पेलत नाही. त्यावर पाय पडला तर ते खाली जाते, ओले प्लास्टिक अंगाला चिकटते आणि पडलेले मूल वरून दिसतही नाही. त्यामुळे कव्हर एकतर पूर्ण घातलेले असावे किंवा पूर्ण काढलेले. अर्धे कव्हर बाजूला सारून कोणालाही पाण्यात उतरू देऊ नये, आणि कव्हर असताना कुंपणाच्या दाराला कुलूप असावे. जीवरक्षकाच्या कामाच्या यादीत हा नियम लेखी घालावा.

खरेदीबाबत थोडे. ४०० ते ५०० मायक्रॉन (०.४ ते ०.५ मिलिमीटर) जाडीचे, अतिनील किरणांपासून संरक्षण असलेले कव्हर मागवावे. ४०० मायक्रॉनच्या एका अखंड कव्हरचे वजन ४०-४५ किलो होईल आणि ओले झाल्यावर ते एका माणसाला आवरणार नाही. म्हणून ४ मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या आणि त्यांना दोन रोलर घ्यावेत. आलेले कव्हर लगेच कापू नये; काही दिवस पाण्यावर पसरून सपाट होऊ द्यावे आणि मगच कडेच्या आकाराप्रमाणे कात्रीने छाटावे. रोलरवर गुंडाळलेल्या कव्हरवर पांढरी चादर हवीच, कारण उन्हात एकावर एक पडलेले थर आतल्या आत इतके तापतात की फुगे फुटून कव्हर निकामी होते. चादरींच्या गावात ती अडचण येऊ नये. रोलरशिवाय नुसते कव्हर घेण्याची काटकसर करू नये. रोज काढण्या-घालण्याचा त्रास झाला की ते महिन्याभरात कोपऱ्यात जाऊन पडेल. पाण्यावर अदृश्य थर धरणारे द्रवरूप आच्छादनही बाजारात मिळते, परंतु वाऱ्याने तो थर फाटतो आणि त्याचा परिणाम कव्हरच्या मानाने कमी असतो.

तरी पुढील मासिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा, किमान तीन दरपत्रके मागवावीत आणि प्रत्येकात कव्हरची जाडी, हमीचा कालावधी व रोलरची किंमत स्वतंत्र नमूद करून घ्यावी, ही विनंती. तोपर्यंत जीवरक्षकांनी रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा वाजता पाण्याचे तापमान, तसेच वरून किती पाणी भरले त्याची नोंद तलावाच्या वहीत ठेवावी, म्हणजे कव्हर आल्यावर तुलना करता येईल. थर्मामीटर माझ्याकडे आहे. तो मी उद्याच कार्यालयात जमा करतो.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सभासद, ब विंग

प्रत : मा. सचिव व मा. खजिनदार यांना माहितीसाठी.