इंजेक्टर घेण्याआधी

धुळे

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. मोठा टर्बो, मोठा इंटरकूलर, नवा एक्झॉस्ट, आणि अगदी तळाशी ‘इंजेक्टर, बघू नंतर’. ताई, हे काम यादीत सगळ्यात वर हवं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारी नोझल. टर्बो हवा भरेल, पण त्या हवेला पुरेल एवढं पेट्रोल आलं नाही, तर तुझ्या ऑक्टेविया आरएसचं इंजिन एका चढावर संपेल.

माझी सगळी हयात डिझेलच्या पंप-नोझलमध्ये गेली, म्हणून दोन्हींतला फरक आधी सांगतो. आग्रा रोडवरच्या ट्रकला डिझेल जास्त सोडलं की तो काळा धूर ओकतो, एक्झॉस्ट तापतो. कमी सोडलं तर नुसती ओढ कमी होते, इंजिनाला काही होत नाही. पेट्रोल टर्बोचं उलट. बूस्टवर, म्हणजे टर्बो दाबाने हवा भरत असताना, पेट्रोल कमी पडलं की मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, सिलिंडरात उष्णता वाढते, नॉकिंग, म्हणजे अवेळी पेट घेऊन ठोके बसणं, सुरू होतं आणि पिस्टनची कड वितळते. हे सगळं काही सेकंदांत होतं आणि चालवणाऱ्याला धूरही दिसत नाही. मला तुझी काळजी वाटते ती इथे.

आता हिशेब. गाडी मूळची १५० अश्वशक्तीची, तुला २५० हव्यात. टर्बो पेट्रोलला दर अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण ६.३ सीसी पेट्रोल धरतात. २५० ला १,५७५ सीसी झालं, चार सिलिंडरांत प्रत्येकी ३९४. पण इंजेक्टर पूर्ण वेळ उघडा ठेवायचा नसतो. ६,००० आरपीएमला सिलिंडरचं एक चक्र २० मिलिसेकंदांत पुरं होतं. त्यातले १६ मिलिसेकंद, म्हणजे ८० टक्के, एवढीच त्याची हद्द. ३९४ ला ०.८ ने भागलं की ४९२ येतात. शिवाय पेट्रोल पंपावर आता ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, म्हणून तेवढ्याच ताकदीला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. ५३० च्या आसपास पोचलो. ५५० सीसीचे घे.

तुझा मित्र १,००० सीसीचे घ्या म्हणतो, पुढे कामाला येतील म्हणून. नको. आयडलला इंजेक्टर जेमतेम दोन-अडीच मिलिसेकंद उघडतो आणि त्यातला सुमारे एक मिलिसेकंद सुई उठण्यातच जातो. त्याला डेड टाइम म्हणतात. नोझल मोठी केली की उघडण्याची वेळ आणखी आखडावी लागते, आणि इतक्या थोड्या वेळात साध्या बनावटीचा इंजेक्टर दर वेळी सारखं पेट्रोल सोडत नाही. मग आयडल हलतं, सिग्नलला गाडी बंद पडते, पीयूसीला सीओ जास्त येतो. डेड टाइम व्होल्टेजवरही बदलतो. १४ व्होल्टला जो असतो, तो १२ ला वाढतो. म्हणून ज्या इंजेक्टरसोबत व्होल्टेजनुसार डेड टाइमचा तक्ता मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नकोस. ट्यूनर तरी कशावरून मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला इंधन-स्पार्कचा तक्ता, लिहील? इंपिडन्सही, म्हणजे इंजेक्टरच्या कॉइलचा विद्युत विरोधही, विचारून घे. तुझ्या ईसीयूला, म्हणजे त्या संगणकाला, १२ ते १६ ओहमचे चालतात. दोन-तीन ओहमचे जुने रेसिंगचे सरळ जोडले तर ईसीयूचा ड्रायव्हर जळतो.

खोक्यावरचा आकडा कोणत्या प्रेशरला मोजलाय, तेही बघ. बहुतेक ठिकाणी ३ बार असतो. प्रेशर ४ बार केलं तर प्रवाह तेहतीस टक्क्यांनी वाढत नाही, फक्त पंधरानेच वाढतो. आणि हे प्रेशर सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची नळी इनटेक मॅनिफोल्डला जोडलेली हवी, म्हणजे बूस्ट एक बार चढला की रेलचं, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं, प्रेशरही एक बार चढतं आणि इंजेक्टरच्या दोन्ही टोकांतला फरक तीनच राहतो. काही जण इंजेक्टर न बदलता, बूस्टच्या कितीतरी पट प्रेशर चढवणारा रेग्युलेटर बसवतात. मला तो उपाय मुळीच पटत नाही. प्रेशर जितकं वर जाईल तितका टाकीतला पंप कमी पेट्रोल ढकलतो, म्हणजे ऐन गरजेला हात आखडतो.

पंपाचं तू यादीत लिहिलंच नाहीस. आपल्या शेतात ठिबक टाकलं तेव्हा तूच विचारलं होतंस, शेवटच्या ओळीची केळी का सुकतात. ड्रिपर नवे होते, मोटर कमी पडत होती. इथेही तेच आहे. टाकीतला पंप जुना आहे, त्याची वायर बारीक आहे. इंजिन लोडवर असताना पंपाच्या पिनवर व्होल्टेज मोज. १३ च्या खाली येत असेल तर रिले टाकून बॅटरीपासून जाड वायर ओढून घे. फिल्टर तर बदलच.

चारही इंजेक्टर एकत्र फ्लो-टेस्ट करून घे, रिपोर्ट हातात घे. चौघांत दोन टक्क्यांहून जास्त फरक नको. एक्झॉस्टमधला सेन्सर चौघांची सरासरी सांगतो. एक सिलिंडर लीन आणि तीन रिच असले तरी आकडा छान दिसतो, आणि तो एकटा पिस्टन जातो. आमच्या नोझल टेस्टरवर आम्ही प्रत्येक नोझल वेगळी का बघतो, ते तू लहानपणी पाहिलंयस.

ईसीयूचं म्हणशील तर पिगीबॅक नको. ती पेटी सेन्सरचे आकडे बदलून ईसीयूला फसवते. साध्या चालवण्यात ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून ते ओळखतो आणि हळूहळू स्वतः दुरुस्त करून टाकतो, मग बूस्टवर काय होईल याचा नेम राहत नाही. स्टँडअलोन, म्हणजे पूर्ण वेगळा ईसीयू, चांगला, पण थंडीत स्टार्ट होण्यापासून पंख्यापर्यंत सगळं नव्याने बसवावं लागतं, आणि तू याच गाडीने पुण्याहून घरी येणार आहेस. म्हणून मूळ ईसीयूच रिमॅप करून घे, आणि इंजेक्टरचा आकडा व डेड टाइमचा तक्ता नीट बदलून घे. एक्झॉस्टमधून मिक्श्चर मोजणारा वाइडबँड सेन्सर कायमचा बसव. पूर्ण बूस्टला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे समतोल) ०.८० च्या जवळ हवा. ट्यूनरकडून लॉग, म्हणजे या आकड्यांची नोंद, मागून घे. द्यायला कुरकुर करणाऱ्याकडे जाऊ नकोस.

पुण्यात डिसेंबरात केलेला मॅप आपल्या मे महिन्यात तपासल्याशिवाय जोरात चालवू नकोस. इकडे पारा ४४-४५ ला जातो. लळिंगच्या घाटात तापलेली हवा खेचत तू फुल थ्रॉटल दिलास, की नॉकिंग तिथेच सुरू होईल. इनटेकचं तापमान वाढलं की स्पार्कचं टायमिंग मागे घेण्याची सोय मॅपमध्ये आहे का, हे ट्यूनरला स्पष्ट विचार. विमा कंपनीला बदल लेखी कळव, आणि आरटीओच्या नियमात काय बसतं ते आधी विचारून घे.

पैसे कमी पडत असतील तर टर्बो पुढच्या वर्षावर टाक. पंप, इंजेक्टर, वाइडबँड आणि रिमॅप आधी. मूळ टर्बोवर गाडी नीट चालते असं लॉगमध्ये दिसलं की उरलेले पैसे मी देतो.

रविवारी फोन करशील तेव्हा पंपाच्या पिनवरचं व्होल्टेज आणि रेलचं प्रेशर सांग. तोवर कुणाला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझे नाना