शेवटची बिल्डिंग होईपर्यंत आम्ही थांबायचं का? गृहनिर्माण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी एका नवीन टाऊनशिपमधल्या सोसायटीचा सेक्रेटरी. झालो कसा, तर पार्किंगमध्ये पहिली मीटिंग होती, सेक्रेटरी कोण होणार असं विचारल्यावर सगळ्यांनी मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि मी नेमका तेव्हाच खुर्ची सरकवायला उठलो, ते उठणं म्हणजे होकार धरला गेला. तेव्हा कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आता नाइलाजाने कळायला लागलंय.

आमची सोसायटी झाली, त्याबद्दल तक्रार नाही. 51 टक्के बुकिंग झाल्यावर तीन महिन्यांत बिल्डरने अर्ज करायचा असं 2017 च्या महाराष्ट्र रेरा (घरखरेदीदारांसाठीचा रिअल इस्टेट कायदा) नियमांत नियम 9 मध्ये आहे, आमच्याकडे खूप उशीर झाला पण झालं एकदाचं. घोडं अडलंय पुढे. टाऊनशिपमध्ये उभ्या राहिलेल्या सहा बिल्डिंगी, त्यांच्या सहा सोसायट्या, आणि पाण्याची मोठी टाकी, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट), आतले रस्ते, मेन गेट, क्लबहाऊस सगळ्यांचं मिळून एकच. ते सांभाळायचं फेडरेशनने, म्हणजे सगळ्या सोसायट्यांनी मिळून केलेल्या संस्थेने. आणि फेडरेशनसाठी बिल्डरने अर्ज कधी करायचा, तर लेआउटमधल्या शेवटच्या बिल्डिंगची ओसी (राहायला परवानगीचा दाखला) मिळाल्यापासून तीन महिन्यांत. लेआउटच्या जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आमच्या नावावर करून देणं, तेही तसंच.

ही शेवटची बिल्डिंग बघायला एकदा याच. सेल्स ऑफिसमध्ये काचेच्या पेटीत मॉडेल आहे, त्यात ती झोकात उभी आहे, खिडक्यांत पिवळे दिवे लागतात, खाली बोटाएवढी झाडं. प्रत्यक्षात तिथे निळे पत्रे, आत नुसती प्लिंथ, वर आलेल्या सळया गंजून लाल, पावसाळ्यात तळं साचतं आणि डास आमच्या घरात. बिल्डरला विचारलं तर मार्केट बघून चालू करू म्हणतात. त्यांना घाई कशाला असेल? तोवर क्लबहाऊस त्यांचं, कॉमन मेंटेनन्सचा हिशोब त्यांचा, सिक्युरिटी एजन्सी त्यांची आणि बिल भरणारे आम्ही. सगळेच बिल्डर मुद्दाम लांबवतात असं म्हणत नाही, कधी परवानग्या अडकतात, कधी पैसा संपतो, पण कारण कुठलंही असो, चावी त्यांच्याच खिशात राहते.

एसटीपीचंच सांगतो. टाकीत हवा सोडणाऱ्या दोन ब्लोअरपैकी एक बंद पडलेला, दुसऱ्यावर कसंबसं चाललेलं, वास चौथ्या मजल्यापर्यंत. आम्ही लॉगबुक मागितलं तर सुपरवायझर म्हणाला तुमचा काय संबंध, प्लँट कंपनीच्या नावावर आहे. खरंच बोलला बिचारा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट, म्हणजे परवानगी, बिल्डरच्या नावावर, ऑपरेटरचं कॉन्ट्रॅक्ट बिल्डरचं, लाइटचं मीटर बिल्डरचं. आमचं फक्त सांडपाणी.

खरी गोम आता सांगतो. रेरा कायद्याच्या कलम 14(3) प्रमाणे बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सेवांमध्ये दोष निघाला तर पाच वर्षांपर्यंत बिल्डरने स्वतःच्या खर्चाने तो तीस दिवसांत दुरुस्त करायचा. कलम चांगलंच आहे, पण ती पाच वर्षं मोजायची ताबा दिल्यापासून. म्हणजे आमचं घड्याळ फ्लॅटची चावी घेतली त्या दिवशी चालू झालं आणि त्यांचं घड्याळ शेवटच्या बिल्डिंगची वाट बघत बंद पडून आहे. सातव्या वर्षी फेडरेशन झालं तर आमच्या गळ्यात घासलेले पंप पडणार आणि मुदत केव्हाच संपलेली. आणि आज प्लँट उघडून बघायलाच देत नाहीत तर लेखी कळवणार काय, वास येतो एवढंच?

डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर करत नसेल तर सरकारी अधिकाऱ्याकडून जमीन नावावर, करून घ्या असं सगळे सांगतात. त्याने जमीन नावावर होईल हो, पंपरूमची चावी नाही मिळत. दाद मागायला जावं तर सोसायटीचं प्रकरण सहकार खात्याचं आणि प्रकल्पाचं महारेराचं (रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण), एका खिडकीवर दुसरीचा पत्ता मिळतो.

तर साहेब, नियम 9 राज्याचाच आहे, अधिसूचना काढून बदलता येतो. फेडरेशनला शेवटच्या बिल्डिंगच्या दावणीला बांधू नका. दोन सोसायट्या रजिस्टर झाल्या की फेडरेशन होऊ दे, पुढच्या येतील तशा जोडल्या जातील. जी सेवा वापरात आली तिचा ताबा, ड्रॉइंग, वॉरंटीचे कागद आणि आजवरचा हिशोब ठरलेल्या तारखेला मिळू दे. बिल्डरला राहिलेल्या कामासाठी रस्ता-पाणी लागेल, ते आम्ही द्यायचंच अशी अट घाला, हरकत नाही. आम्हीही काही मोठे इंजिनिअर नाही, पॅनेल बघून घाबरणारी माणसं आहोत, म्हणून सहा महिने त्यांचा ऑपरेटर आणि आमचा माणूस बरोबर काम करू दे. पाच वर्षांची मुदत कॉमन सेवांसाठी हस्तांतरणापासून मोजायची तर केंद्राच्या कायद्यात बदल लागेल, ते तुमच्या हातात नाही कळतं, पण राज्याने लिहून मागितलं तर वजन पडेल ना.

आमची पाच वर्षं येत्या मार्चमध्ये संपतायत. दुसरा ब्लोअर अजून चालू आहे, आवाज मात्र बदललाय.

आपला,
एका सोसायटीचा सेक्रेटरी (दुसरं कोणी अजून तयार नाही)