रविवार ते शनिवारच्या वहीबद्दल काकूंना आभारपत्र

आदरणीय काकूंस,
सा. न. वि. वि.

माझी नोकरी गेल्यापासून नवीन ठिकाणी रुजू होईपर्यंत बेरोजगारी भत्ता मिळवण्यात आपण मला जी मदत केलीत, तिचे तोंडी आभार मानू लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे लेखी पत्र. ते जाहीर अशासाठी की कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच मराठी घरांवर ही वेळ येऊन गेली आहे किंवा येऊ शकते, आणि आपण मला जेवणाच्या टेबलाशी बसवून जे समजावलेत ते त्यांच्याही उपयोगी पडेल. आपले नाव कुठे येता कामा नये, ही आपली अट मी पाळली आहे.

मुळात अर्ज करायलाच माझे मन तयार नव्हते. धडधाकट माणसाने सरकारपुढे हात पसरायचा, हे आमच्या घरात कोणाच्याच पचनी पडण्यासारखे नव्हते. उभी हयात शाळांच्या पगार विभागात काढलेल्या आपण त्यावर उपदेश केला नाहीत. फक्त पैसा येतो कुठून ते सांगितलेत. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षातल्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर मालक या भत्त्यासाठी राज्याला कर भरतो, म्हणजे हा विमाच आहे. आणि विमा उतरवलेले घर जळाले तर संकोचापायी कोणी गप्प बसत नाही. माझ्याकडे ग्रीन कार्ड असल्यामुळे काम करण्याच्या परवान्याचा प्रश्न नव्हता. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांचे मात्र अवघड असते, हेही आपण तेव्हाच बोललात. ज्याचा परवाना गेलेल्या नोकरीशीच बांधलेला आहे, त्याला ‘मी दुसरे कोणतेही काम लगेच स्वीकारू शकतो’ असे म्हणता येत नाही, आणि ते म्हणता आले नाही की भत्ता सहसा मिळत नाही.

‘एक महिना वाट पाहू, तोवर काहीतरी मिळेल’ हा माझा बेत आपण हाणून पाडलात, कारण क्लेम, म्हणजे भत्त्यावरचा आपला दावा, ज्या आठवड्यात अर्ज कराल त्या आठवड्याच्या रविवारपासून धरला जातो आणि त्यातला पहिला पात्र आठवडा तसाही बिनपैशाचा जातो. राज्याच्या रोजगार विभागाकडून, म्हणजे ईडीडीकडून, रकमेचे पत्र आले तेव्हा त्यावर आठवड्याला ४५० डॉलर आणि एकूण ११,७०० डॉलर, म्हणजे २६ आठवड्यांचे पैसे, असे आकडे होते. ही कमाल मर्यादा आहे, मंजुरी नव्हे, मंजुरी दर आठवड्याची वेगळी असते, असे आपण त्या पत्राच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलेत. (४५० हा आकडा २००५ पासून जागचा हललेला नाही. आपल्या फ्रीमॉन्ट शहरातली घरभाडी तेवढ्या काळात कुठल्या कुठे गेली, हे राज्याच्या विधिमंडळाला कोणीतरी सांगायला हवे.)

परंतु आपले खरे उपकार आहेत ते पुढच्या टप्प्यातले. शिकवणी केंद्रात संध्याकाळी गणित शिकवण्याचे काम मला ताशी ३० डॉलरने मिळू लागले, तेव्हा जवळच्याच काही जणांनी दोन टोकांचे सल्ले दिले. एकाचे म्हणणे, किरकोळ पैसे आहेत, कळवायची गरज नाही. दुसऱ्याचे म्हणणे, हे काम घेऊच नकोस, भत्ता बंद होईल. आपण दोघांनाही बाजूला सारलेत आणि कागदावर गणित मांडलेत. आठवड्याची कमाई १०० डॉलरपर्यंत असेल तर त्यातले पहिले २५ डॉलर सोडून देतात. त्याहून जास्त असेल तर कमाईचा चौथा हिस्सा सोडतात आणि उरलेली रक्कम भत्त्यातून वजा होते. आठ तासांचे २४० डॉलर झाले, त्यातले ६० सोडले, १८० वजा झाले, भत्ता मिळाला २७०. दोन्ही मिळून ५१०, म्हणजे घरी बसून मिळणाऱ्या ४५० पेक्षा जास्तच. शिवाय वजा झालेले १८० बुडत नाहीत. ते क्लेमच्या शिलकीत राहतात आणि क्लेमचे वर्ष संपेपर्यंत पुढच्या आठवड्यांना उपयोगी पडतात. आठवड्याची कमाई ६०० डॉलरवर गेली की त्या आठवड्याचा भत्ता शून्य होतो, ही सीमारेषाही आपण लाल शाईने आखून दिलीत.

मग ती वही. शिकवणी केंद्र महिन्याच्या १५ तारखेला आणि अखेरीस पगार देत असे, तर ईडीडीचा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो. पगाराच्या चिठ्ठीवर पंधरवड्याचा एकच आकडा, आणि सर्टिफाय करताना, म्हणजे भत्ता मागण्यासाठी त्या त्या आठवड्याची माहिती ईडीडीला भरून देताना, प्रश्न मात्र प्रत्येक आठवड्याचा स्वतंत्र: आजारी होतात का, पूर्णवेळ काम घेण्यात काही अडचण होती का, काम शोधलेत का, काम नाकारलेत का, शिक्षण सुरू केलेत का, आणि काम करून काही कमावलेत का, मग पैसे हाती आलेले असोत वा नसोत. या शेवटच्या वाक्यावर आपण बोट ठेवलेत. पैसे ज्या आठवड्यात कमावले त्या आठवड्यात दाखवायचे, बँकेत जमा झाले त्या आठवड्यात नव्हे. आणि दाखवायचे ते कर व इतर कपातींच्या आधीचे. आपण जुन्या वहीत पट्टीने रकाने आखून दिलेत: तारीख, तास, दर, कपातीपूर्वीची रक्कम, आणि शनिवारखाली जाड रेघ. त्यानंतर सर्टिफाय करताना मला पगाराची चिठ्ठी उघडावीच लागली नाही. नव्याने कामावर घेतलेल्या माणसाची नोंद मालकाने २० दिवसांत राज्याकडे करायची असते आणि ती भत्त्याच्या यादीशी ताडून पाहिली जाते. मुद्दाम लपवल्याचे ठरले तर जादा घेतलेले पैसे तर परत करावेच लागतात, वर ३० टक्के दंडही भरावा लागतो. ही माहिती आपण मला सगळे शिकवून झाल्यावर दिलीत, धाक म्हणून आधी दिली नाहीत, याचे मला फार विशेष वाटले.

वडिलांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मला सांगलीला जावे लागले, तेव्हाही आपला सल्ला सरळ होता: भारतात असताना इथले काम स्वीकारायला आपण हजर नसतो, म्हणून त्या आठवड्यांसाठी तसे स्पष्ट उत्तर द्यायचे आणि पैशांची अपेक्षा ठेवायची नाही. फोनवरून कुठूनही अर्ज भरता येतो म्हणून अनेक जण इथेच फसतात, असे आपण म्हणाला होतात.

नवीन नोकरी सुरू झाली ती बुधवारी, आणि पहिला पगार होता पुढच्या महिन्यात. त्या शेवटच्या आठवड्यातले बुधवार ते शुक्रवारचे तीन दिवस कमाईत धरून मी उत्तर दिले आणि त्यानंतर सर्टिफाय करणे थांबवले. यंदा जानेवारीत वर्षभरात मिळालेला भत्ता दाखवणारा १०९९-जी हा कराचा कागद आला. या भत्त्यावर कॅलिफोर्निया कर लावत नाही, केंद्र सरकार लावते, म्हणून दर हप्त्यातून १० टक्के कापून घेण्याचा पर्याय आपण मला सुरुवातीलाच निवडायला लावला होता. आमच्या करसल्लागाराने ती कपात पाहून ‘हे कोणी सुचवले?’ असे विचारले, आणि अट असल्यामुळे मी फक्त ‘शेजारच्या काकूंनी’ एवढेच सांगितले.

काकांना नमस्कार. आपले ऋण मी व माझे कुटुंबीय कायम मानू.

आपला कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरचा शेजारी