अंडी खाणारे गाव अंडी राखू लागले, ते कसे?

महोदय,

फेब्रुवारी संपत आला, की रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावच्या समुद्री कासवांची छायाचित्रे आपल्या दैनिकात झळकतात आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या मंडणगडच्या वळणांना लागतात. पिल्ले किती सुटली, हे त्या बातम्यांत असते. अंडी खाणारे गाव अंडी राखणारे कसे झाले, हे मात्र क्वचितच असते.

मी याच तालुक्यातला. आमच्या लहानपणी वाळूत मादीचा माग दिसला, की माणसे काठीने जमीन चाचपून खड्डा हुडकीत. एकेका खड्ड्यात शंभराच्या वर अंडी मिळत, त्यात काही गैर आहे असे कुणाला वाटत नसे, आणि माणसांच्या हातून जे सुटे ते कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जाई. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडांची पाहणी करत असताना त्यांना वेळासच्या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. तेव्हापासून ही परगावची मंडळी कासवासाठी रात्री-अपरात्री पुळण तुडवू लागली. आमच्याकडे त्यांना खुळे म्हणत. मीही म्हटले होते, याचे आज वाईट वाटते.

कायदा त्यांच्या बाजूने होता, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला संरक्षण दिलेले आहे. पण नुसता धाक घातला असता, तर अंडी चोरून गेली असती. त्यांनी राखणीचे काम गावातल्याच माणसांच्या हाती दिले. पहाटे माग काढायचा, अंडी अलगद उचलायची, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा खड्डा खणून ती पुरायची आणि पुढे पन्नासेक दिवस डोळ्यांत तेल घालून थांबायचे, हे पुळणीवर वाढलेल्या माणसालाच जमते. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांतच उतरू लागले आणि आमटी-भात, मोदक करणाऱ्या बायांच्या कष्टाला प्रथमच दाम मिळाला. नाना फडणविसांचे गाव म्हणून ठाऊक असलेले वेळास आता शाळकरी मुलांना कासवांचे गाव म्हणून ठाऊक आहे.

आता किनारपट्टीवर पर्यटनाची हाव वाढते आहे, म्हणून लिहावेसे वाटले. अंड्यातून निघालेले पिल्लू उजेडाच्या दिशेने चालते. अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडे असतो, पण मागे दिव्यांची रांग लागली, तर ते जमिनीकडे वळते आणि मरते. वेळास, आंजर्ले किंवा अन्यत्र, विणीच्या किनाऱ्यालगत हंगामात प्रखर दिवे लावू देऊ नयेत आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांकडेच राहावी, अशी प्रशासनाला विनंती आहे. रात्री जागणाऱ्या कासवमित्रांचे मानधन वेळेवर आणि पोट भरेल इतके असावे. आपणही यंदा पिल्लांच्या छायाचित्राशेजारी त्यांचे एखादे छायाचित्र छापावे.

आपला,
एक वाचक, ता. मंडणगड, जि. रत्नागिरी